चुगलखोर तिकिटं

घरात त्याला पंडित म्हणत, आणि हे नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. तो सात वर्षांचा असताना थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्काने, त्याला दुधावर लक्ष ठेवायला बसवलं होतं. दूध उतू गेलं, शेगडी विझली, ओट्यावरून ओघळ खाली आले, आणि हा समोर बसून दुधाच्या पिशवीवरचा मजकूर अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होता. "वा रे पंडित!" अक्का म्हणाली. त्या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. पंडितच्या नावाआधी डॉक्टर लागलं, डोक्यावरचे केस गेले, प्रयोगशाळेच्या दारावर पाटी आली; पण अक्काच्या लेखी त्याचं दूध अजून उतू जातच होतं. खरं सांगायचं तर त्याच्याही लेखी.

तो जे काम करत होता ते सांगायला सोपं आणि करायला महाकठीण. मातीत पुरायचा एक सेन्सर. आकाराने पोस्टाच्या तिकिटाएवढा, लाकडाच्या लगद्याच्या कागदावर जस्ताच्या शाईने छापलेला, वरून मेणाचा पातळ थर. त्याला बॅटरी नाही, तार नाही. टोकाला रीडर लावलेली काठी वरून फिरवली की मातीत नत्र किती आहे ते जमिनीखालून गुपचूप सांगायचं, एवढंच त्याचं काम. पीक निघेपर्यंत हे काम करायचं आणि मग मातीतच विरून जायचं. उकरायची कटकट नाही, मागे कचरा नाही.

या कामाला सहा वर्षं झाली होती. सेन्सरची पहिली पिढी चार दिवसांत कुजली. दुसरी कुजेचना, प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या कुंडीत ती दोन वर्षं ठणठणीत राहिली, सोबतचं रोप तेवढं मेलं. "आम्ही असा सेन्सर तयार केला आहे," पंडित एका परिषदेत म्हणाला होता, "जो बहुधा माझ्या निवृत्तीनंतर विरघळेल." सभागृह हसलं. स्वतःवर विनोद करण्यात पंडितचा हात धरणारं कुणी नव्हतं. आपली फजिती दुसऱ्याने सांगण्याआधी आपणच सांगून टाकली की ती निम्मी होते, हे त्याने लहानपणीच शोधून काढलं होतं. त्याच्या सगळ्या शोधांपैकी हाच काय तो पहिल्या फटक्यात यशस्वी झालेला. एक गोष्ट मात्र त्याच्या ध्यानात आली नव्हती. विनोद केला की चूक निस्तरल्यासारखं वाटतं, आणि चूक बसते आपली जागच्या जागी.

तिसरी पिढी जमली ती केमिस्टबाईंमुळे. मेणाचा थर हे त्यांचं खातं. तीन वर्षं त्यांनी मेण वितळवलं, गाळलं, पुन्हा वितळवलं. त्यांच्या एप्रनला कायमचा मधाच्या पोळ्याचा वास लागला होता. बोलणं कमी, वही टापटीप. पंडितच्या विनोदांना त्या हसत नसत असं नाही, पण आधी विनोद तपासून घेत.

आता खऱ्या शेतात परीक्षा घ्यायची वेळ आली, आणि पंडितला अक्काचं शेत आठवलं. अक्का आणि दाजी भाजीपाला काढत. त्या हंगामात आठ वाफे गाजरं होती, पहिले दोन रस्त्याच्या कडेला. पंडितने एकेका वाफ्यात पाच अशी चाळीस तिकिटं पुरली, प्रत्येकाजवळ लाल खुंटी ठोकली. अक्का कमरेवर हात ठेवून बघत होती.

"तिकिटं तर लावलीस," ती म्हणाली, "आता पत्ता काय लिहायचा?"

"अक्का, एकच विनंती. खत आठही वाफ्यांना अगदी सारखं. मुठीचाही फरक नको."

"तुला चड्डीची नाडी बांधता येत नव्हती, पंडित, तेव्हापासून मी माती उपसतेय."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. आणि हो, पीक तयार झालं की अनुदान समितीची माणसं बघायला येतील."

"कोण माणसं?" अक्काने कमरेवरचे हात खाली घेतले. "कुठून येतील? कुठे उभी राहतील?"

"येतील रस्त्याने. उभी राहतील कुठेही. तू त्याची काळजी करू नकोस."

अक्काला काळजी करू नकोस सांगणं म्हणजे मांजराला दुधाचं भांडं दाखवून डोळे मीट म्हणण्यासारखं होतं, हे पंडितला कळायला हवं होतं.

पहिले चार आठवडे कसे दृष्ट लागण्यासारखे गेले. पंडित दर दोन दिवसांनी येई, काठी हातात घेऊन वाफ्यांमधून चाले, आणि चाळीसही तिकिटं शहाण्या मुलांसारखी उत्तरं देत. येणारेजाणारे थांबून विचारत, "काय हरवलं का?" तो सांगे, "हो, ऐन तारुण्य." केमिस्टबाई आकडे वहीत मांडत.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी अक्काने खताचा दुसरा हप्ता दिला. दोन दिवसांनी पंडित काठी घेऊन गेला. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतच्या वाफ्यांत नत्र जितकं वाढायला हवं तितकंच वाढलं होतं. पहिल्या दोन वाफ्यांत मात्र आकडा तिप्पट. त्याने रीडर बंद करून चालू केला. आकडा तोच. काठी पुसली, चष्मा पुसला, उलट्या बाजूने चालत आला. दहाच्या दहा तिकिटं एका सुरात ओरडत होती: इथे खत बेसुमार पडलंय!

अक्का आठव्या वाफ्यात तण काढत होती.

"अक्का," पंडित शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला, "खत सगळीकडे सारखंच दिलंस ना?"

अक्काने मान वर केली नाही. "मग?"

एवढंच. पण या "मग?"मध्ये काय नव्हतं! त्यात सात वर्षांच्या पंडितची शेगडी होती, त्याच्या चुकलेल्या पाढ्यांची उजळणी होती, आई आजारी असताना अक्काने एकटीने चालवलेलं घर होतं. त्या "मग?"पुढे भल्याभल्यांनी माघार घेतली होती. पाण्याच्या नळाशी हात धूत असलेले दाजी खोकले. दाजी फार बोलत नसत, खोकत.

"बरं वाटत नाही का, दाजी?"

"छे, छे," दाजी अक्काकडे बघत म्हणाले. "वारा आहे जरा."

वारा अजिबात नव्हता. पंडित काठी खांद्यावर टाकून परतला.

"दहाच्या दहा बिघडले," प्रयोगशाळेत येऊन त्याने जाहीर केलं. "मेणाला तडे गेले असणार. ओल आत शिरली."

केमिस्टबाईंनी वहीतून डोळे वर केले. "दहाच्या दहा? एकाच दिवशी? आणि शेजारच्या वाफ्यातले ठणठणीत?"

"योगायोग."

"सर, खत जास्त पडलं असेल. मातीचा नमुना घेऊन बाहेर तपासायला देऊ. चार दिवसांत कळेल."

"अक्का म्हणाली सारखं दिलंय."

"अक्कांचं म्हणणं आणि मातीचा नमुना यांत काही फरक आहे की नाही?"

"आहे ना," पंडित म्हणाला. "मातीचा नमुना मला ओरडत नाही."

केमिस्टबाईंनी हा विनोद तपासला, आणि त्या हसल्या नाहीत.

पंडितला त्या दिवशी जेवण गेलं नाही. हिशोब उघड होता. तिकिटं खरी मानायची तर अक्का खोटी. अक्का खरी मानायची तर तिकिटं खोटी. तिसरी वाट नव्हती. सहा वर्षं ज्या वस्तूने खरं बोलावं म्हणून त्याने जिवाचं रान केलं, ती पहिल्यांदा काहीतरी धाडसाचं बोलली होती. बहिणीला जाऊन "खोटं बोलतेस" म्हणण्यापेक्षा स्वतःच्या सहा वर्षांना खोटं पाडणं त्याला सोपं वाटलं. शास्त्रज्ञाने पुराव्यावर विश्वास ठेवावा, हे तो दर वर्षी पहिल्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगत असे. कुणाच्या थोरल्या बहिणीचा प्रश्न आला तर काय करावं, ते अभ्यासक्रमात नव्हतं.

मधला अहवाल समितीला पाठवायची तारीख आली. सातव्या पानावर त्याने लिहिलं: "पहिल्या दोन वाफ्यांतील दहा सेन्सर आवरणातील दोषामुळे निकामी झाले." केमिस्टबाईंनी मसुदा वाचला, आणि त्यांचं बोट त्या ओळीवर बराच वेळ थांबलं.

"आवरणातील दोषामुळे. म्हणजे माझ्या."

"तसं नाही हो. तांत्रिक भाषा असते ती."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग माझंही एक टिपण शेवटी जोडते. चालेल?"

"जोडा की! त्यात विचारायचं काय?" पंडितला एवढ्यावर सुटका झाल्याचा इतका आनंद झाला की तयार गठ्ठा समोर आल्यावर त्याने जिथे जिथे सहीची जागा दिसली तिथे तिथे धडाधड सह्या ठोकल्या.

अकराव्या आठवड्यात समिती आली. तीन जण होते. अध्यक्षबाई पिकल्या केसांच्या, पायांत गमबूट, हातात अहवाल. अक्काने रस्ता झाडला होता, खुर्च्या मांडल्या होत्या, दाजींना इस्त्रीचा सदरा घालायला लावून एका जागी उभं केलं होतं, आणि स्वतः पहिल्या वाफ्याशेजारी अशी उभी होती जणू आता फोटो निघणार आहे. तिथला पाला खरंच बघत राहावा असा होता. गुडघ्याच्या वर, काळसर हिरवागार, दाट. पलीकडचे वाफे त्याच्यापुढे गरीब नातेवाइकांसारखे दिसत होते.

पंडितने प्रस्तावना सुरू केली. स्वतःवरचे दोन विनोद झाले. तिसरा सुरू असताना अध्यक्षबाईंनी हात वर केला.

"हेच ते दोन वाफे ना, जिथले सेन्सर बिघडले?"

"हो. दुर्दैवाने."

"पाला इथेच सगळ्यात जोरात आहे." त्या अक्काकडे वळल्या. "ताई, एक गाजर उपटून दाखवता?"

अक्का याचीच वाट पाहत होती. तिने खाली वाकून ऐटीत पाल्याचा झुबका धरला आणि ओढला. पाला हातभर आला. त्याच्या खाली उंदराच्या शेपटीएवढं गाजर लोंबत होतं, आणि त्याला शेपटीसारखेच केस होते.

"हे चुकून लागलं," अक्का म्हणाली, आणि दुसरं उपटलं. त्याला दोन पाय फुटले होते. तिसऱ्याला तीन. अक्काने चौथं उपटलं नाही. अध्यक्षबाई स्वतः पाचव्या वाफ्यात गेल्या आणि तिथल्या गरीब नातेवाइकांपैकी एकाला ओढलं. मनगटाएवढं जाड, सरळसोट, लालभडक गाजर बाहेर आलं.

नत्र जास्त झालं की सगळा जोर पाल्यातच जातो, हे गाजरांनीच सांगून टाकलं होतं. दाजी खोकले.

"खोकू नका!" अक्का कडाडली. मग तिचा आवाज खाली आला. "घातलं मी. दोन्ही वाफ्यांना. जास्तीचं."

"अक्का," पंडित म्हणाला, "मी तुला विचारलं होतं."

"विचारलं होतंस. मग काय सांगणार होते?" अक्काने मातीचे हात चांगल्या लुगड्याला पुसले आणि पुसल्यावर तिला ते लक्षात आलं. "मोठी माणसं येणार म्हणालास. रस्त्याने येणार, म्हणजे पहिल्यांदा हेच दिसणार. वाटलं, जरा उठून दिसू दे. लोक म्हणतील, डॉक्टरांच्या बहिणीचं शेत आहे. कुणी आलं की माणूस मुलाच्या तोंडाला पावडर नाही का लावत? मला काय ठाऊक, तुझी तिकिटं चुगलखोर आहेत ते!"

"मी म्हटलं होतं नको घालू," दाजी म्हणाले. इतक्या वर्षांत पाहुण्यांसमोर त्यांनी एक अख्खं वाक्य बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

पंडितला राग यायला हवा होता. त्याने मनात शोधून पाहिला, पण सापडला नाही. आयुष्यभर ज्या बाईला आपल्याबद्दल फक्त उतू गेलेलं दूध आठवतं असं त्याला वाटत होतं, तिने त्याच्यासाठी आठातले दोन वाफे गाजरांवर पाणी सोडलं होतं.

"आता मलाही एक कोडं सोडवून द्या," अध्यक्षबाई अहवालाची पानं उलटत म्हणाल्या. "पान सातवर लिहिलंय की दहा सेन्सर आवरणातल्या दोषामुळे बिघडले. पान अठरावर लिहिलंय की त्या दोन वाफ्यांतली माती बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासली, नत्र तिप्पट निघालं, सबब सेन्सर अचूक आणि आवरणात दोष नाही. दोन्ही पानांखाली सही एकाच माणसाची. मला हे कागद नुसते परत पाठवता आले असते. पण म्हटलं, हा माणूस एकदा डोळ्यांनी बघून यावा."

पंडितने पान अठरा हातात घेतलं. केमिस्टबाईंचं टिपण. खाली त्याची झोकदार सही.

"तुम्ही माती कधी नेलीत?" त्याने शेजारी उभ्या असलेल्या केमिस्टबाईंना हळूच विचारलं.

"तुम्ही नको म्हणालात त्याच्या दुसऱ्या दिवशी. अक्का बाजारात गेल्या होत्या. दाजींनी खुरप्याने काढून दिली."

अक्काने दाजींकडे पाहिलं. दाजी आभाळाकडे बघू लागले.

"मला सांगितलं का नाहीत?"

"अठराव्या पानावर सांगितलं," केमिस्टबाई म्हणाल्या. "तुम्ही सही केलीत. मला वाटलं, वाचलंत आणि मान्य आहे. मग कळलं, वाचलंच नाहीत. त्यानंतर सांगायची इच्छा राहिली नाही."

पंडितच्या जिभेवर विनोद तयार होता. चांगला होता, तिघेही हसले असते, प्रसंग हलका झाला असता, आणि सगळे खुर्च्यांवर बसून पाणी प्यायले असते. त्याने तोंड उघडलं. केमिस्टबाई त्याच्याकडे बघत होत्या. पुढचा विनोद तपासायची त्यांची तयारी दिसत नव्हती.

"माझी चूक झाली," तो म्हणाला. "सेन्सर बरोबर होते. बाईंचं मेण बरोबर होतं. मी बहिणीला घाबरलो आणि त्याचा ठपका यांच्या कामावर ठेवला. पान सात खोटं आहे, आणि ते मी लिहिलंय."

हे बोलायला त्याला फार तर पंधरा-वीस सेकंद लागले असतील. पण सहा वर्षांत त्याला इतका घाम कधी फुटला नव्हता.

अध्यक्षबाईंनी मान डोलावली. "निदान सेन्सर तर दाखवा एखादा."

पंडितने पहिल्या वाफ्यातल्या लाल खुंटीजवळ खुरपं घातलं. माती, मुळं, एक गांडूळ. दुसऱ्या खुंटीजवळही तेच. पाचव्या वाफ्यात बोटांनी चाळून चाळून मेणाचा एक कण सापडला. तोही चिमटीत दाबताच मातीत मिसळून गेला. आठवडाभर रीडर गप्प होता, त्याचं कारण हेच. तिकिटं ठरल्या वेळी, ठरल्यासारखी, मागमूस न ठेवता विरली होती. ज्या क्षणाची पंडितने सहा वर्षं वाट पाहिली होती तो असा आला की बहीण मेहुण्याकडे रोखून बघत होती, समितीतले दोघं दोन पायांच्या गाजराचा फोटो काढत होते, आणि तो स्वतः मातीत गुडघे टेकून बसला होता.

"विरले," केमिस्टबाई त्याच्या शेजारी वाकून म्हणाल्या. त्याच्याखेरीज फक्त त्यांनाच ते दिसलं होतं.

"विरले," पंडित म्हणाला.

समितीने जाताना निकाल तिथेच सांगितला. अजून एक हंगाम मिळेल. दोन अटी: मातीचे नमुने केमिस्टबाई काढतील, आणि पान सातची दुरुस्ती आठवड्याच्या आत लेखी हवी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंडितने दुरुस्तीचं पत्र लिहायला घेतलं. अकरा वाजता त्याने मसुदा केमिस्टबाईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी मोठ्याने वाचला: "असे निदर्शनास आले आहे की, काही अपरिहार्य कारणांमुळे पूर्वीच्या अहवालात एक त्रुटी राहून गेली होती." त्यांनी कागद खाली ठेवला. "कुणाच्या निदर्शनास आलं? कारणं कुठली अपरिहार्य? आणि ती त्रुटी आपली आपण राहून गेली?"

"सरकारी भाषा असते हो ती."

केमिस्टबाईंनी पेन पुढे केलं. पंडितने "निदर्शनास" खोडलं. मग "अपरिहार्य" खोडलं. मग सगळंच खोडलं आणि वर "मी" लिहिलं. एक अक्षर, वर अनुस्वारसुद्धा नाही. पण ते कागदावर एकटं उभं राहिल्यावर पुढचं वाक्य झक मारत सरळ आलं. केमिस्टबाईंनी ते वाचलं आणि एक स्वल्पविराम तेवढा बदलला.

तेवढ्यात फोन वाजला. अक्का.

"पंडित, ते तुझं पत्र गेलं का?"

"लिहितोय."

"त्यात मी जास्तीचं खत घातलं असं येणार?"

"यावंच लागेल, अक्का."

"येऊ दे. घातलं तर घातलं." मग तिने विचारलं, "माझं नाव काय लिहिलंयस?"

"नावं लिहीत नाहीत गं. 'शेतकरी क्रमांक एक' असं लिहिलंय."

"एकूण किती आहेत?"

पंडितने केमिस्टबाईंकडे पाहिलं. खोटं बोलायचा मोह फार झाला. "एकच."

अक्काने विचार केला.

"असू दे," ती म्हणाली. "पण पहिला नंबर तर आहे." आणि तिने फोन ठेवला.